पऱ्हाटी आणि पारा

यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात, महागाव हे तालुक्याचे गाव आहे. नागपूरहून नांदेडकडे जाणारा मोठा रस्ता या गावावरून जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दूरवर काळी जमीन पसरलेली दिसते आणि त्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन व ज्वारी ही पिके डोलत असतात. त्यांतही मान कापसाचा. दसऱ्याच्या सुमारास पहिली वेचणी सुरू होते आणि हिवाळा सरता सरता शेते रिकामी होऊ लागतात. पांढरे सोने बाजारात जाते. शेतात उरते ती पऱ्हाटी.

वऱ्हाडात कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात आणि कापूस वेचून झाल्यावर जी वाळलेली खोडे उभी राहतात, त्यांनाही पऱ्हाट्याच म्हणतात. एका हेक्टरात अशा पऱ्हाट्या सुमारे २ ते ३ टन निघतात. काही चुलीत जातात, काहींचा कूड होतो. पूर्वी त्या शेतात बरेच दिवस उभ्या राहिल्या तरी कोणाचे बिघडत नसे. आता गुलाबी बोंडअळीच्या भयाने शेतकऱ्याला त्या लवकर उपटाव्या लागतात; फरदड ठेवली, तर ती अळी पुढच्या हंगामापर्यंत आपला संसार टिकवून धरते. मग उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर रचले जातात आणि एखाद्या संध्याकाळी त्यांना काडी लावली जाते. तुराट्यांची व सोयाबीनच्या कुटाराची गतही पुष्कळदा हीच होते. कुटार निदान गुरे खातात. पऱ्हाटीला तर गुरेही तोंड लावीत नाहीत.

अशा या टाकाऊ वस्तूचा संबंध पाऱ्याशी असू शकेल, असे सांगितले तर कोणालाही नवल वाटेल. तो संबंध कसा आहे, हे समजण्यासाठी प्रथम पाऱ्याचा स्वभाव पाहू.

पारा हा धातूंमधील एक विलक्षण धातू आहे. सामान्य तापमानाला तो द्रवरूप असतो. तो पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्यामुळे लोखंडाचा तुकडा त्यावर खुशाल तरंगतो. रुप्यासारखा चमकणारा हा थेंब तळहातावर खेळवावा, असा मोह मुलांना होतो; परंतु तो मोह आवरला पाहिजे, कारण पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही आणि ती श्वासावाटे शरीरात शिरते. याहूनही घातक असतात ती पाऱ्याची संयुगे. ती पाण्यात विरघळली म्हणजे पाणी पूर्वीसारखेच स्वच्छ दिसते. त्याला रंग येत नाही, वास येत नाही. आपल्या देशाच्या मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पारा असता कामा नये. हा आकडा केवढा लहान आहे, ते गणिताने पाहा. एक ग्रॅम पारा पूर्णपणे विरघळलेल्या स्थितीत पाण्यात मिसळला, तर १० लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत पोहोचेल.

जगाला पाऱ्याची खरी ओळख पटली ती जपानमधील मिनामाता या गावी. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यात एक रसायन तयार करताना पाऱ्याचा उपयोग होत असे आणि कारखान्याचे सांडपाणी समुद्राच्या आखातात सोडले जाई. पाण्यातील पारा सूक्ष्म जीवांत, त्यांच्यातून माशांत आणि माशांतून माणसांत गेला. प्रथम गावातील मांजरे वेडीवाकडी नाचू लागली व मरू लागली. मग कोळ्यांच्या घरांत माणसांचे हातपाय थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले, दृष्टी गेली. १ मे १९५६ रोजी या विकाराची अधिकृत नोंद झाली. तरीही कारखान्याचे ते विषारी पाणी पूर्णपणे थांबण्यास १९६८ साल उजाडावे लागले! या गावाचे नाव धारण करणारा पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि २०१८ साली भारतानेही त्याला मान्यता दिली.

महागावच्या शेतकऱ्याला जपानमधील मासे दूरचे वाटतील. परंतु पारा शेतातही आला होता. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून पाऱ्याची संयुगे चोळण्याची पद्धत जगभर होती. आपल्याकडे उसाचे बेणे लागणीपूर्वी पारायुक्त औषधाच्या द्रावणात बुडविले जाई. १९७१ साली इराकमध्ये दुष्काळानंतर परदेशाहून गव्हाचे बियाणे आणले गेले. ते पाऱ्याच्या संयुगाने माखलेले होते आणि ते ओळखू यावे म्हणून त्याला तांबडा रंग दिलेला होता. पोत्यांवरील सूचना परक्या भाषांत होत्या. भुकेल्या लोकांनी बियाणे धुतले. रंग निघून गेला, तेव्हा विषही गेले असे त्यांना वाटले आणि त्याच गव्हाच्या त्यांनी भाकरी केल्या. रुग्णालयांत ६,५३० माणसे दाखल झाली व त्यांतील ४५९ दगावली. भारतात उसाच्या बेण्यासाठी व बटाट्याच्या बियाण्यासाठी वापरले जाणारे अखेरचे पारायुक्त औषध २०१८ साली बंद करण्यात आले.

आपल्या राज्यातील उदाहरण ठाण्याच्या खाडीचे आहे. महागावच्या कापसाचे पुढे कापड होते. त्या कापडावरील प्रक्रियेसाठी, तसेच साबणासाठी आणि कागदासाठी कॉस्टिक सोडा लागतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तो तयार करतात. या कामी पूर्वी पाऱ्याचा थर वापरीत असत आणि त्यातील थोडाथोडा पारा सांडपाण्याबरोबर बाहेर पडे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ झिंगडे व देसाई यांनी ठाण्याच्या खाडीतील पाऱ्याविषयीचे आपले संशोधन १९८१ साली प्रसिद्ध केले. पुढे २००३ साली उल्हास नदीच्या खाडीतील गाळाविषयीही असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. कारखान्यांनी आता पाऱ्याची ती पद्धत सोडून दिली आहे. परंतु खाडीच्या तळाशी बसलेला गाळ पद्धत बदलल्याने नाहीसा होत नाही. शिवाय पारा येण्याची इतर द्वारे उघडीच आहेत. दगडी कोळशात तो अत्यल्प प्रमाणात असतो. याच यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. वीज निर्माण करणाऱ्या केंद्रात कोळसा जळला म्हणजे त्यातील पारा धुरात जातो आणि तो धूर पाण्याने धुतला, तर धुण्याच्या पाण्यात उतरतो.

तेव्हा प्रश्न असा की, पाण्यात विरघळलेला पारा काढावयाचा कसा? तो गाळून निघत नाही. पाणी उकळून तर काहीच साधत नाही. त्याला पकडणारे काहीतरी पाण्यात घालावे लागते.

येथे पाऱ्याची एक जुनी मैत्री उपयोगी पडते. पारा आणि गंधक यांचे सख्य आपल्या रसवैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. खलात पारा व गंधक घालून ते तासन्‌तास घोटले, म्हणजे चकाकणारा पारा हळूहळू दिसेनासा होतो आणि काळी कुळकुळीत पूड तयार होते. तिला कज्जली म्हणतात. पुडीत पाऱ्याचा एकही कण चमकत नाही, अशा स्थितीला वैद्य ‘निश्चंद्र’ म्हणत; चंद्र मावळला की काम पुरे झाले! निसर्गातही पारा मुख्यतः गंधकाशी जोडलेलाच सापडतो. हिंगूळ हा त्या दोघांचाच खनिज पदार्थ होय. १८३४ साली झाइझे नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने गंधकयुक्त संयुगांचा एक वर्ग शोधून काढला आणि त्याला लॅटिन भाषेतून जे नाव दिले, त्याचा अर्थच ‘पाऱ्याला पकडणारा’ असा होतो.

पारा विष का ठरतो, याचे उत्तरही याच मैत्रीत दडलेले आहे. आपल्या शरीरातील प्रथिनांत ठिकठिकाणी गंधक असते. शरीरात शिरलेला पारा त्या गंधकाला जाऊन घट्ट चिकटतो आणि मग त्या प्रथिनाचे नेमून दिलेले काम बंद पडते. केसांतील प्रथिनांत गंधक विपुल असल्यामुळे तेथेही पारा साठतो. म्हणूनच इराकमध्ये कोणाच्या शरीरात केव्हा व किती पारा गेला, हे तज्ज्ञांनी केसांची परीक्षा करून ठरविले. याचा अर्थ असा की, ज्या गुणामुळे पारा घातक होतो, त्याच गुणामुळे तो पकडताही येतो. शरीरातील गंधक त्याला सापडण्यापूर्वी पाण्यातच त्याच्या वाटेवर दुसरे गंधक ठेवावयाचे, एवढाच काय तो उपाय.

पण नुसती गंधकाची भुकटी पाण्यात टाकून चालत नाही. ती पाण्यात भिजत नाही आणि विरघळलेल्या पाऱ्याशी तिची नीट गाठच पडत नाही. तिला आधार हवा. असा आधार, की ज्याच्या अंगाला असंख्य छिद्रे असतील आणि ज्याच्या आतबाहेर पाणी खेळेल. हा आधार म्हणजे कोळसा. चुलीतला साधा कोळसा नव्हे, तर विशेष रीतीने तयार केलेला सक्रिय कोळसा. त्याच्या एका ग्रॅमच्या आतील सर्व छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर त्यांचे क्षेत्रफळ ५०० ते १,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५ ते १० गुंठे भरते. चिमूटभर कोळशात एवढे शेत! या भिंतींवर पाण्यातील पदार्थाचे कण येऊन चिकटतात. या क्रियेला शास्त्रात अधिशोषण असे म्हणतात. स्पंज पाणी पिऊन घेतो, तशी ही क्रिया नाही. येथे सारा व्यवहार पृष्ठभागावर चालतो. शाळेच्या प्रयोगशाळेत ही क्रिया सहज दाखविता येते. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात शाईचे दोन थेंब टाका, सक्रिय कोळशाची पूड घालून ढवळा आणि थोड्या वेळाने ते पाणी गाळणकागदातून गाळा. खाली उतरणाऱ्या पाण्याचा रंग पाहा. (हा प्रयोग शाईवरच करावयाचा. पाऱ्याशी खेळ नको.)

सक्रिय कोळसा दगडी कोळशापासून होतो, नारळाच्या करवंटीपासून होतो, आणि शेतातील काडीकचऱ्यापासूनही होतो. १९७२ साली अमेरिकेतील फ्रीडमन व वाइस या संशोधकांनी शेतीतील निरनिराळे पदार्थ आणि टाकाऊ भाग पाऱ्याच्या द्रावणात घालून कोणता किती पारा धरतो, याची परीक्षा घेतली. पुढच्याच वर्षी रॉबर्ट्स व रोलंड यांनी साक्षात कापसावर प्रयोग केला. शुद्ध कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ तंतुद्रव्य. त्याला पाऱ्याचे विशेष आकर्षण नसते. परंतु रासायनिक संस्काराने त्या तंतूला नत्रयुक्त घटक जोडले, तेव्हा तोच कापूस पाण्यातून पारा ओढून घेऊ लागला. आपल्या देशात कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातील नामशिवायम व पेरियासामी यांनी भुईमुगाच्या टरफलांपासून केलेल्या कोळशाचे प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध केले. बाजारात मिळणाऱ्या सक्रिय कोळशापेक्षा त्यांच्या टरफलांचा कोळसा पारा धरण्यात कितीतरी सरस ठरला.

त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्यात दुर्मिळ असे काहीच नाही. टरफलांवर तीव्र गंधकाम्ल घालून ती भट्टीत सुमारे दीडशे अंश उष्णतेवर एक दिवसभर ठेवावयाची. आम्ल त्यांतील पाणी हिरावून घेते आणि टरफले कोळशासारखी काळी पडतात. साखरेवर गंधकाम्ल ओतले असता जे घडते, तेच येथे घडते. मग ती पाण्याने धुऊन खाण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजत ठेवावयाची, म्हणजे उरलेले आम्ल नाहीसे होते. पुन्हा धुऊन, वाळवून, दळून घेतली की पूड तयार. गंधकाम्लाच्या नावातच गंधक आहे, हे तुमच्या ध्यानी आलेच असेल. या रीतीने काळी पडलेली वस्तू केवळ सच्छिद्र होत नाही. आम्लाच्या संस्काराने तिच्या पृष्ठभागावर काही नवे घटकही उत्पन्न होतात आणि पारा तेथे अडकतो. अर्थात तीव्र गंधकाम्ल कातडी जाळणारे असल्यामुळे हे काम जाणकारांनी, साधनांनी सज्ज अशा ठिकाणीच करावयाचे असते.

आता पऱ्हाटीकडे वळू. बांध्याने ती टरफलापेक्षा लाकडाला अधिक जवळची आहे. मुंबईत माटुंग्याला कापसाच्या तंत्राविषयीची केंद्रीय संशोधनसंस्था आहे. १९२४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने पऱ्हाट्यांचा भुगा दाबून फळ्या तयार करण्याची रीत बसविली, ती याच गुणाच्या बळावर. जे लाकडासारखे आहे, त्याचा कोळसाही चांगला होतो. इजिप्त हाही कापसाचा देश. तेथील गिरगिस व इशाक या संशोधकांनी पऱ्हाट्यांपासून फॉस्फरिक आम्लाच्या साहाय्याने सक्रिय कोळसा तयार केला आणि ते काम १९९९ साली प्रसिद्ध झाले. अशा कोळशाला गंधकाचा संस्कार दिला, म्हणजे पारा धरण्याची त्याची शक्ती वाढते. नागपूरला १९५८ साली स्थापन झालेली, पाणी व सांडपाणी यांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. म्हणजे कापूस पिकविणारा शेतकरी, कापसाचे तंत्र जाणणारे शास्त्रज्ञ आणि पाण्याचे शास्त्र जाणणारे शास्त्रज्ञ असे तिघेही एकाच राज्यात नांदत आहेत.

मग हे काम गावोगाव सुरू का झाले नाही, असे कोणी विचारील. अडचणी आहेत आणि त्या लहान नाहीत. प्रयोगशाळेतील पाण्यात केवळ पारा असतो. कारखान्याच्या पाण्यात पाऱ्याबरोबर इतर दहा वस्तू असतात व त्या कोळशावरील जागा अडवितात. पाणी फार आम्लधर्मी असेल, तर पारा सहज चिकटत नाही. मिठाच्या पाण्यात तर मिठातील क्लोरिनचे कण पाऱ्याला आपल्याशी बांधून ठेवतात आणि कोळशाकडे जाऊ देत नाहीत. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्याचे पाणी नेमके खारटच असते. म्हणून एका पाण्यात उत्तम काम देणारी पूड दुसऱ्या पाण्यात निरुपयोगी ठरू शकते. प्रत्येक ठिकाणचे पाणी तपासून पुडीचे प्रमाण व पाण्याची आम्लता ठरवावी लागते.

दुसरी अडचण वाहतुकीची. महागावात पऱ्हाट्या आहेत, पण पाऱ्याचे पाणी नाही, आणि ते नाही हे भाग्यच म्हणावयाचे. ज्यांना या पुडीची गरज आहे, ते कारखाने येथून कित्येक शे किलोमीटर दूर आहेत. पऱ्हाट्यांची गाडी डोंगराएवढी दिसते, पण तिच्यात वजन थोडे आणि पोकळी फार. तशीच ती मुंबईकडे पाठवावी, तर भाडेच मालाच्या मोलाहून अधिक होईल. तिचा कोळसा मात्र जागेवरच केला, तर ओझे पुष्कळ कमी होते. म्हणजे पऱ्हाटी काडी लावून जाळण्याऐवजी बंद भट्टीत, हवा फार न लागू देता जाळली पाहिजे. कोळसा गावात आणि पुढचा संस्कार कारखान्यात, अशी कामाची विभागणी केली पाहिजे. शेतकऱ्याला दोन पैसे मिळावयाचे तर ते या मार्गानेच मिळतील. फुकट ओढून नेलेल्या पऱ्हाटीने केवळ धुरा मोकळा होईल.

तिसरी गोष्ट सर्वांत अधिक काळजीची आहे. पाण्यातून पारा गेला म्हणजे तो जगातून गेला असे नव्हे. तो पुडीत आला. मूलद्रव्याचा नाश होत नाही. ते जागा बदलते, इतकेच. पारा धरून धरून पुडीची शक्ती संपली, की ती पूड स्वतःच विषाचे कोठार बनते. आपल्याकडे शेतातून आलेली वस्तू शेतातच परत घालण्याची रीत आहे. कुटार गुरांना, शेण उकिरड्यावर आणि उकिरडा शेतात, हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु ही पूड त्या चक्रात शिरता कामा नये. खत म्हणून मातीत मिसळली, तर तिच्यातील पारा हळूहळू सुटून पाण्यात व पिकात जाण्याचा धोका राहतो. चुलीत घातली, तर त्याहून वाईट. कारण पारा ३५७ अंशांना उकळतो आणि जळत्या विस्तवाची उष्णता याच्या कितीतरी पुढे असते. ज्या विषाला एवढ्या खटपटीने पाण्यातून काढले, ते एका क्षणात धुराबरोबर घरभर पसरेल.

म्हणून वापरलेली पूड वेगळी मोजून, वेगळ्या बंद पिंपात भरून, त्यावर मराठीत स्पष्ट चिठ्ठी लावून ठेवावयाची असते. पुढे तिच्यातील पारा तापवून वाफेच्या रूपाने बंद यंत्रात परत मिळविता येतो, किंवा गंधकाशी पक्का जोडून त्याला कज्जलीसारखे स्थिर रूप देता येते. यांतील काहीच शक्य नसेल, तर घातक कचऱ्यासाठी खास बांधलेल्या व तळाशी अस्तर घातलेल्या खड्ड्यात ती पुरावी लागते. अशी सोय आपल्या राज्यात तळोजे येथे आहे आणि विदर्भात नागपूरजवळ बुटीबोरी येथे आहे.